लज्जा उत्पन्न झाली काय?

गणपतरावांनी ते पाहिलं तेव्हा पावणेपाच वाजले होते, आणि आपण ते पाहिलंच नाही असं ठरवलं तेव्हाही पावणेपाचच वाजले होते. पोलीस खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं मन असं झटपट चालतं.

सक्करदऱ्याच्या तलावाकाठी ते रोज फिरायला जात. डॉक्टरांनी साखरेसाठी चार चकरा सांगितल्या होत्या. गणपतराव तीन मारत आणि चौथी घरी येऊन सांगत. त्या दिवशी दुसऱ्याच चकरेत त्यांना कडुनिंबाखालच्या बाकावर त्यांचा एकुलता एक मुलगा केयूर आणि केयूरचा मित्र रजत बसलेले दिसले. केयूर मोबाइलवर काहीतरी दाखवत होता. रजतनं ते वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले, आणि दोन्ही हातांनी केयूरचं डोकं धरून त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

एवढंच. मग चष्मा पुन्हा नाकावर गेला आणि दोघं शेंगा खायला लागले.

गणपतराव जागच्या जागी वळले आणि घराकडे निघाले. वाटेत त्यांना एकदाही दम लागला नाही, हे घरी पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

रजत तीन वर्षांपासून घरी येत होता. हुडकेश्वरला खोली घेऊन राहायचा, एका खाजगी शाळेत गणित शिकवायचा. केयूरला वांगं आवडत नाही, म्हणून तो न विचारता केयूरच्या ताटातल्या फोडी उचलून स्वतःच्या ताटात घ्यायचा. गणपतरावांनी हे पहिल्याच जेवणात टिपलं होतं. मित्र असं करत नाहीत. मित्र शेवटची पुरी पळवतात. पण टिपलेलं सगळं नोंदवायचंच असतं असं नाही, हाही खात्यातलाच धडा. शोभाताईंनी मात्र कधीच नोंद घेतली होती आणि वांग्याची भाजी मुद्दाम जास्त करायला लागल्या होत्या.

पावणेसहाला फोन वाजला.

"काका, नमस्कार. ठाण्यातून अश्विन बोलून राहिलो. मोहरर."

ठाण्याचं नाव आपण घेणार नाही. ठाण्यांनाही अब्रू असते. मोहरर म्हणजे ठाण्यातला लिहिणारा हवालदार. या ठाण्यात गणपतराव सतरा वर्षं मोहरर होते. त्यामुळे फोन कोणाच्या लग्नाच्या सुपारीच्या आमंत्रणाचा असेल असं त्यांना वाटलं.

"बोल गा."

"काका, तुमचा पोट्टा येथे आहे. म्हणजे मले माहीत नव्हतं तुमचा आहे म्हणून. त्याच्या मोबाइलात 'बाबा' नावाचा नंबर होता, तो माझ्या फोनवरून लावला, तर तुमचंच नाव दिसून राहिलं."

"काय केलं त्यानं?"

मग अश्विन पोलिसी आवाजात म्हणाला, "चाळे, काका."

गणपतराव चपला घालायला लागले तशा शोभाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काहून जी, कोठे चालले?"

"ठाण्यात. केयूर आहे तेथे."

"एकटाच?"

गणपतरावांनी चपलेचा अंगठा शोधला. "रजत पण आहे."

"मग बरं आहे," शोभाताई म्हणाल्या. "आणताना दोघांईले घेऊन या. आणि हे पाहा, तेथे जाऊन पोलीस होऊ नका."

ठाण्यात बाकावर दोघं बसले होते. मधे एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. ते अंतर गणपतरावांना त्या कपाळाच्या मुक्यापेक्षा जास्त लागलं, पण का लागलं याचा विचार त्यांनी पुढे ढकलला. केयूरनं वर पाहिलं नाही. रजत उठून उभा राहिला, जसा तो घरीही राहायचा.

समोर अश्विन संगणकापुढे बसला होता. शेजारी ज्याने या दोघांना आणलं तो बीट मार्शल, मोठ्या मिशीचा, घाम पुसत.

"विशेष मोहीम आहे काका," अश्विन समजावून सांगायला लागला. "सार्वजनिक ठिकाणचे अश्लील चाळे. रोज दहा जोड्या. पण पोट्ट्यापोट्टींनी व्हॉट्सॲपवर खबर पसरवली, अन् दुपारपासून तलावावर एक जोडपं नाही. सगळे बाक रिकामे. याईले फक्त हे दोघं भेटले."

"दहा पाहिजे होते, एक जोडी मिळाली," मार्शल खिन्नपणे म्हणाला. "ते बी अशी."

"अशी म्हणजे कशी?" केयूर पहिल्यांदाच बोलला. "कायदा बदलून सात वर्षं झाली. ते तीनशे सत्त्याहत्तर आता—"

"अरे भाऊ, त्याच्यात कोण टाकून राहिलं तुले?" अश्विनच्या आवाजात खरोखर दुखावल्याचा सूर होता. "आम्ही बी शिकलेलो आहो. हे पोलीस अधिनियमाचं एकशे दहा. अन् संहितेचं दोनशे शहाण्णव. हे सगळ्यांले लागते. भेदभाव नाही."

भेदभाव नाही हे खरं होतं. फक्त बाकावर कोण बसलं की चाळे होतात हे ठरवायचं काम कायद्यानं मार्शलवर सोडलं होतं, आणि मार्शलकडे दहाचा आकडा होता.

"काका, तुम्ही आपले आहे म्हणून सांगतो," अश्विन खाली वाकून म्हणाला. "उद्या कोर्टात कबूल करा म्हणा, किरकोळ दंड, पाच मिनिटांत मोकळे. कोणाले खबर नाही."

हे वाक्य गणपतरावांनी स्वतः हजार वेळा हजार बापांना सांगितलं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त एक गोष्ट त्यात कधी सांगायची नसते: कबूल केलं की शिक्षा झाली, आणि शिक्षा झाली की ती कागदावर आयुष्यभर बसते.

"बाबा," केयूर हळूच म्हणाला, "मौद्याच्या वीज केंद्राचं पत्र आलं आज. निवड झाली. पोलीस पडताळणी बाकी आहे."

म्हणजे मोबाइलवर ते होतं. गणपतरावांना वाटलं, पोरानं ही खबर पहिल्यांदा आपल्याला का सांगितली नाही. मग आठवलं की आपण तिथून वळून निघालो होतो.

रजत म्हणाला, "काका, माझ्यावर घ्या सगळं. मीच—" एवढं बोलून तो थांबला. शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावायची धमकी मार्शलनं त्याला वाटेतच देऊन ठेवली होती.

"कोणावर काही घेणं नाही," गणपतराव म्हणाले. "अश्विन, काय लिहिलं ते दाखव."

अश्विननं पडदा वळवला. गणपतरावांनी चष्मा चढवला आणि वाचलं:

*नमूद वेळी व ठिकाणी सदर इसम हा येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांस लज्जा उत्पन्न होईल असे अश्लील चाळे करताना मिळून आला.*

त्यांनी चष्मा काढला.

हे वाक्य त्यांचं होतं.

अठ्ठ्याण्णव साली लिहिलेलं. त्याआधी प्रत्येक शिपाई आपापल्या भाषेत हकीकत लिहायचा, आणि एकदा एकानं इतकी रंगवून लिहिली की भर कोर्टात मॅजिस्ट्रेटना हसू आवरेना. साहेब चिडले. म्हणाले, गणपत, असं काही लिही की ज्यात सगळं येईल आणि काहीच येणार नाही. गणपतराव रात्रभर नव्हे, चहा येईपर्यंत विचार करत बसले आणि हे वाक्य लिहिलं. त्यात काय घडलं ते कुठेच नव्हतं, हीच त्याची खुबी होती. हात धरला, डोक्यावर पदर घेतला, डोळ्यातलं कुसळ काढलं, काहीही असो, वाक्य तेच. शहरातल्या इतर ठाण्यांनी ते उतरवून घेतलं. गणपतरावांना त्याचा अभिमान होता. एखाद्या कवीची ओळ लोकांच्या तोंडी बसावी तसा.

"संगणकात फाइल आहे काका," अश्विन आदरानं म्हणाला. "तुमचंच आहे. आम्ही नाव बदलतो अन् छापतो. एक काना-मात्रा हालवत नाही."

"ते दिसून राहिलं," गणपतराव म्हणाले. चष्मा पुन्हा चढवून ते पुढे वाचत होते. "हे काय आहे गा? 'सदर इसमासोबत असलेली अनोळखी महिला नामे रजत.'"

रजतनं मान खाली घातली. केयूरच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. तो हसू दाबत होता की रडू, ते सांगता येत नव्हतं.

"ते राहून गेलं," अश्विन पुटपुटला.

"अन् साक्षीदार मनोहरराव, वय बावन्न, धंदा चहा टपरी?"

"हाव. नेहमीचेच."

गणपतरावांनी खुर्ची ओढली आणि बसले.

मनोहरराव ठाण्यासमोर चहा विकायचे. पंच पाहिजे असला की गणपतराव खिडकीतून हाक मारत आणि मनोहरराव ओल्या हातानं सही करून जात. तलावाचं तोंड त्यांनी उभ्या जन्मात चारदा पाहिलं असेल. पण या ठाण्याच्या हद्दीत जी काही लज्जा उत्पन्न झाली, ती सगळी एकट्या मनोहररावांमध्ये झाली. मोठा सोशिक माणूस.

"मनोहर गेला," गणपतराव म्हणाले. "कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. मी खांदा दिला."

अश्विनचं बोट कळफलकावरच राहिलं.

"अन् गेला तेव्हा पंचाहत्तरचा होता. अठ्ठ्याण्णव साली बावन्नचा होता तो. तेव्हापासून तुम्ही त्याले बावन्नच्या पुढे जाऊच दिलं नाही."

"पण काका, तो गेला, मग मागच्या महिन्यात या सह्या..." अश्विननं वाक्य सोडून दिलं. काही वाक्यं पूर्ण न केलेलीच बरी, हे तो आता शिकत होता.

तेवढ्यात फौजदार कामिनी मॅडम आत आल्या. तिशीतल्या, चटपटीत, कपाळावर आठ्यांची कायमची तीन कलमं. टोपी टेबलावर ठेवत त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि पडदा वाचला. वाचताना चौथी आठी उमटली.

"मेलेला माणूस तलावावर जाऊन लाजला?"

मार्शलनं मिशीवरचा घाम पुसला.

"जुनी फाइल आहे मॅडम," अश्विन म्हणाला. "गणपतराव काकांची. हे तेच."

मॅडमनी गणपतरावांना नमस्कार केला. खात्यात लहान-मोठेपणा निवृत्तीनंतरही सुटत नाही. "काका, तुमचं लेखन ऐकून होते. पण मला आता जिवंत साक्षीदार पाहिजे. त्रास झाला कोणाला? दोनशे शहाण्णवला इतरांना त्रास व्हावा लागतो. शेंगावाला आहे का कोणी?"

"मॅडम, शेंगावाला कायले?" मार्शलच्या मिशीत एकदम उजेड पडला. दहाचा आकडा हातातून निसटत असताना त्याला दोर सापडला होता. "हे काकाच होते तेथे. मी पाहिलं याईले. त्या बाकासमोर उभे होते, मग एकदम मागे फिरले. अन् खाली मान घालून गेले."

केयूरनं वर पाहिलं.

"खरं आहे काका?" मॅडमनी विचारलं.

आता गणपतरावांच्या हातात दोन उत्तरं होती. 'मी काही पाहिलं नाही' हे सोपं होतं. त्यानं त्यांची सुटका होत होती, पोराची नाही. मार्शल तलावावर जाऊन कोण्या शेंगावाल्याला लाजायला लावून आणणारच होता. आणि 'पाहिलं' म्हटलं तर ते पोरासमोर म्हणावं लागणार होतं. तीन वर्षं घरात जे कोणी म्हटलं नव्हतं ते सरकारी कागदावर जाणार होतं, खाली सही करून.

"खरं आहे," गणपतराव म्हणाले. "जबाब घ्या माझा."

"काका, सांभाळून—" अश्विन कुजबुजला.

"लिही. मी सांगतो." गणपतरावांनी डोळे मिटले. सवयीनं भाषा आपोआप आली. "मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, मी सेवानिवृत्त इसम असून, आज रोजी सायंकाळी पावणेपाचचे सुमारास प्रकृतीच्या कारणावरून पायी फिरत असताना, माझा मुलगा केयूर व त्याचेसोबत रजत हे कडुनिंबाखालील बाकावर बसलेले मिळून आले. रजत याने केयूर याच्या कपाळाचा एक वेळ मुका घेतला. त्यानंतर दोघांनी शेंगा खाल्ल्या."

अश्विन धडाधड टंकत होता. "पुढे काका?"

"पुढे नाही. एवढंच घडलं."

"पण लज्जा?" मार्शल म्हणाला. "ते राहिलं ना मॅडम. तुम्ही मान खाली घालून गेले की नाही?"

मॅडमनी खुर्चीला टेकून विचारलं, "काका, विचारावंच लागेल. ते पाहून आपणांस लज्जा उत्पन्न झाली काय?"

गणपतरावांनी डोळे उघडले. हे तीन शब्द त्यांनी आयुष्यात किती वेळा लिहिले होते याचा हिशेब नव्हता, पण ते कोणी त्यांना विचारले नव्हते. मनोहररावांनाही त्यांनी कधी विचारले नव्हते. परस्पर लिहूनच टाकले होते.

"नाही," ते म्हणाले. "लज्जा उत्पन्न झाली नाही."

"मग मागे का फिरलात?"

"हेवा उत्पन्न झाला."

टंकण्याचा आवाज थांबला.

"छत्तीस वर्षांचा संसार आहे मॅडम. बायकोनं माझ्या कपाळाले हात लावला तो फक्त ताप पाहाले. अन् या पोट्ट्याच्या कपाळाले मी शेवटचं कधी काही केलं, ते मले आठवत नाही. टीका लावला असल दिवाळीले. मनात आलं, आपल्या पोराचं कोणी एवढं मनापासून कौतुक करून राहिलं, अन् आपण साखर उतरवून राहिलो. म्हणून गेलो घरी. लिही गा, हेवा लिही. ऱ्हस्व-दीर्घ पाहून."

केयूर भिंतीवरच्या फरारी आरोपींच्या फोटोंकडे टक लावून बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. रजतनं चष्मा काढला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"अश्विन," मॅडम म्हणाल्या, "हेवा कोणत्या कलमात बसतो?"

अश्विन खरंच पुस्तक चाळायला लागला. त्या म्हणाल्या, "बंद करा ते." आणि मार्शलकडे वळल्या. "एकमेव साक्षीदार म्हणतो त्रास झाला नाही, उलट हेवा वाटला. हे घेऊन मी कोर्टात उभी राहू? तिथं कोणी हसलं, तर यांच्या मोहिमेऐवजी माझीच बातमी होईल." मग जरा थांबून, "समज देऊन सोडा दोघांना."

"समज नको मॅडम," गणपतराव पटकन म्हणाले.

"आता काय?"

"समज दिली की डायरीत नोंद होते. नोंद झाली की पडताळणीच्या वेळेस कोणीतरी वाचते. अन् समज कायची द्यायची? याईले तर आधीच समजते. मलेच उशिरा समजलं."

मॅडमच्या आठ्यांपैकी एक मावळली. "मग काय लिहू?"

"काहीच लिहू नका."

जन्मभर लिहिण्याचा पगार घेतलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून अश्विनला धक्काच बसला. मॅडमनी हात झटकले. दोघांचे मोबाइल परत मिळाले. मार्शलला उद्याच्या दहा जोड्यांची चिंता लागली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

"काका," अश्विननं जाताना विचारलं, "ही फाइल... डिलीट करू?"

"कर."

अश्विननं केली. बाकी ठाण्यांमध्ये ते वाक्य अजून नोकरीवर आहे. त्याला निवृत्तीचं वय नाही.

तिघं बाहेर पडले आणि घराच्या दिशेनं चालायला लागले. मग केयूर म्हणाला, "बाबा, पाहिलं होतं तर तेव्हाच आवाज काहून नाही दिला? शेंगा होत्या भरपूर."

"मले साखर आहे."

"शेंगांत साखर नसते काका," रजत म्हणाला. गणिताचा शिक्षक; चूक सोडत नाही.

"असं?" गणपतराव म्हणाले. "मग चुकलंच माझं."

यानंतर बावीस दिवसांनी पडताळणीचा कागद आला, आणि तो घेऊन अश्विनच आला. शोभाताईंनी पाटोडी-रस्सा केला होता. अश्विननं आधी कागद भरून घेऊ म्हटलं, पण वासानं त्याचं अक्षर बिघडायला लागलं, म्हणून आधी जेवण झालं. रजतही होता. वांगं नव्हतं, तरी तो केयूरच्या शेजारीच बसला.

हात धुऊन अश्विननं पेन काढलं. नाव, पत्ता, शिक्षण झालं. 'गुन्हे नोंद' या रकान्याशी त्याचं पेन क्षणभर थांबलं. अश्विननं 'निरंक' लिहिलं, सुवाच्य, आणि पुढे गेला.

"आता स्थानिक दोन प्रतिष्ठित व्यक्ती लागतात. अर्जदाराले चांगलं ओळखणाऱ्या. नाव-सही."

"एक समोरच्या उत्तराबाई आहेत," केयूर म्हणाला.

"दुसरा मी करतो," रजत पुढे झाला. "शाळेचं ओळखपत्र आहे माझ्याकडे. तीन वर्षांपासून ओळखतो."

अश्विननं कागद त्याच्याकडे सरकवला.

गणपतरावांनी तो मधेच उचलला. चष्मा चढवून खालची बारीक ओळ वाचली, जशी ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावरच्या वाचत आले होते.

"रजत चालणार नाही," ते म्हणाले.

शोभाताई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. रजतनं उघडलेलं पेन बंद केलं.

"काहून बाबा?" केयूरचा आवाज चढला.

"येथे लिहिलं आहे ना बावा," गणपतरावांनी कागदावर बोट ठेवलं. "नातेवाईक चालत नाही म्हणून. नियम आहे. कोणी दुसरा पाहा, जाय, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याले बोलाव."

केयूर उठला नाही. रजतही नाही. शेवटी शोभाताईच चप्पल घालून किराणावाल्याला बोलवायला गेल्या, आणि जाताना अश्विनला म्हणाल्या, "तोवर आणखी दोन पाटोड्या खा गा. लाजू नको."